संत्र्याची साल शेळीच्या खुराकात: वाळवणीपासून वजनकाट्यापर्यंत

"शेळीला संत्र्याची साल चालते का?" आठवड्यातून एकदा तरी मला कोणी ना कोणी हे विचारतं. चालते. पण किती, कोणत्या रूपात, कोणत्या वयाच्या शेळीला, हे न पाहता जो टोपलं ओततो त्याची शेळी आडवी होते. माझी झाली आहे, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. तीन बाजूंनी संत्र्याच्या बागा आणि कोठ्यात तीसेक शेळ्या, बहुतेक बेरारी, थोड्या उस्मानाबादी. बागांना लागून राहत असल्यामुळे साल, गळालेली फळं, रस काढून उरलेला चोथा हे सगळं फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळतं. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळाचं नाव सगळीकडे पोचलं आणि साल मात्र उकिरड्यावरच राहिली.

शेजारचे काकाजी जुने बागाईतदार. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे साल मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "ने ना बाई, किती पाहिजे तितकी ने. बकरीला बाभळीचा काटा चालतो, ही तर साल आहे!" मला ते पटलं आणि चूक तिथूनच सुरू झाली.

काय झालं होतं

ऑगस्ट संपत आला की अंबिया बहाराची, म्हणजे थंडी सरताना आलेल्या मोहोराची, फळगळ सुरू होते. रस शोषणारा पतंग रात्री फळाला सोंड खुपसतो, तिथून फळ सडायला लागतं आणि गळतं. अशी दोन टोपली मऊ, पिवळट फळं मी संध्याकाळी गव्हाणीत ओतली. शेळ्यांनी ती भराभर संपवली आणि मला समाधान वाटलं. पहाटे तीन शेळ्या रवंथ करत नव्हत्या. डावी कूस फुगलेली, दात करकरा खात होत्या, लेंडीच्या जागी आंबूस वासाचं पातळ पाणी. डॉक्टर येईपर्यंत एक गेली, दोन वाचल्या. गेली ती दुसऱ्या वेताची, पोटात पिल्लं असलेली होती.

त्यानंतर डॉक्टरांनी अंगणातच बसून जे समजावलं ते आजही डोक्यात आहे. शेळीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. चारा तेच पचवतात आणि शेळी त्यांच्या जिवावर जगते. एकाच वेळी भरपूर गोड पदार्थ आत गेला की आम्ल तयार करणारे जंतू वाढतात, बाकीचे मरतात, कोठीपोट आंबतं. यालाच अ‍ॅसिडोसिस म्हणतात. नवीन खाद्याची सवय व्हायला त्या सूक्ष्मजीवांना दहा ते पंधरा दिवस लागतात आणि मी त्यांना एक रात्रही दिली नव्हती. शिवाय खाद्यात असा एकदम बदल झाला की आतड्यातला आंत्रविषाराचा जंतूही उसळतो.

संत्रा वाईट नव्हता. सडका होता, ओला होता, एकदम होता आणि न मोजता होता. पुढचं सगळं या चार गोष्टींभोवती फिरतं.

सालीत असतं तरी काय

नागपुरी संत्र्याची साल सैल, सहज सुटणारी. ताजी साल उजेडात दुमडून पाहा, बारीक तुषार उडतो. डोळ्यात गेला तर चांगलाच चुरचुरतो. तो सालीवरच्या बारीक ठिपक्यांमधला तेलाचा अंश. त्यात सर्वांत जास्त असतं लिमोनीन. आतल्या पांढऱ्या रेषाळ भागात हेस्पेरिडिन नावाचं फ्लॅव्होनॉइड असतं आणि पेक्टिन भरपूर असतं.

या तिघांचं काम वेगवेगळं आहे. पेक्टिन कोठीपोटात लवकर पचतं, पण मक्यातल्या स्टार्चइतकं लॅक्टिक आम्ल करत नाही. म्हणून मक्याचा थोडा भाग काढून त्या जागी वाळलेली साल दिली तर ऊर्जाही मिळते आणि पोटही शांत राहतं. हेस्पेरिडिन शरीराच्या पेशींची झीज करणाऱ्या घटकांना आवर घालणाऱ्या गटातलं आहे. लिमोनीन सूक्ष्मजीवांना रोखतं, आणि इथेच जपायला हवं. थोडं असेल तर नको असलेले जंतू दबतात, जास्त झालं तर चारा पचवणारे आपलेच जंतू मरतात. वाळवताना तेलाचा बराच भाग उडून जातो, त्यामुळे ताज्या सालीपेक्षा वाळलेली साल जास्त भरवशाची.

आणखी एक गोष्ट बोकड पाळणाऱ्यांच्या कामाची. सालीत कॅल्शियम चांगलं असतं आणि फॉस्फरस अगदी कमी. गव्हाच्या कोंड्यात नेमकं उलट. ईदसाठी बोकड तयार करताना लोक कोंड्यावर कोंडा घालतात, मग फॉस्फरस वाढून बोकडाला मुतखडा होतो, लघवी अडते आणि ऐन विक्रीच्या आठवड्यात जनावर हातचं जातं. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं लागतं. कोंड्यासोबत साल आली की हे गणित जरा सावरतं. ती खनिज मिश्रणाची जागा मात्र घेत नाही.

साल म्हणजे प्रथिनांचं खाद्य समजू नका. वाळलेल्या सालीत प्रथिनं सहा-सात टक्क्यांच्या आसपास असतात. ढेप (तेल काढून उरलेली पेंड) आणि चुनी (डाळ करताना उरलेला चुरा) बंद करून सालीवर शेळी वाढवायला जाल तर फसाल.

जगभर अशा वनस्पतिजन्य घटकांकडे लक्ष वळलं त्याला एक कारण आहे. वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक मिसळायला युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. त्यानंतर वनस्पतींतली तेलं, टॅनिन (तुरटपणा देणारा घटक), सॅपोनिन (फेस आणणारा घटक) यांवर भरपूर काम झालं. निष्कर्ष सगळीकडे सारखे नाहीत, कारण फळाची जात, वाळवण्याची पद्धत आणि मात्रा बदलली की परिणाम बदलतो. म्हणून दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. आपल्या कोठ्यात तपासून पाहायची पद्धत पुढे दिली आहे.

साल कुठून घ्यायची

मी चार ठिकाणांहून घेऊन पाहिली. सर्वांत चांगली साल मिळते घरगुती प्रक्रिया करणाऱ्यांकडून. संत्रा बर्फी, सरबत, मार्मलेड करणारे लोक फळ धुऊन सोलतात, साल स्वच्छ असते. शहरातल्या ज्यूसच्या गाड्यांवरची साल मुबलक मिळते, पण तिच्यात स्ट्रॉ, प्लास्टिकच्या पिशव्या, बर्फाचं पाणी, मोसंबी-अननस सगळं एकत्र. शेळीच्या पोटात गेलेलं प्लास्टिक बाहेर येत नाही. गाडीवाल्याशी बोलून वेगळी बादली ठेवायला सांगा, स्वतःची बादली नेऊन द्या आणि रोज रात्री उचला. सकाळपर्यंत ठेवलेली साल आंबते.

बागेतून घेत असाल तर शेवटची फवारणी कधी झाली, हा पहिला प्रश्न विचारा. प्रत्येक औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. ते दिवस उलटले नसतील तर साल नको. लाजू नका, काकाजींनाही मी दरवेळी विचारते.

पॅकिंग केंद्रावर मेणाचा थर दिलेल्या फळांची साल मी घेत नाही. चकचकीत फळावर नख ओढलं की नखात पांढरट थर येतो, त्यावरून ओळखता येतं. साध्या पाण्याने मेण निघत नाही आणि फळ टिकावं म्हणून बुरशीनाशकात बुडवलेलं असू शकतं.

गळालेल्या फळांतलं फार थोडं कामाचं असतं. त्याच दिवशी पडलेलं, टणक, छिद्र नसलेलं, डाग नसलेलं तेवढंच घ्या. हिरवी किंवा निळसर भुकटी दिसली की ती पेनिसिलियमची बुरशी. असं एक फळ टोपल्यात असेल तर त्याला लागून असलेलीही बाजूला काढा. सडकी फळं बागेबाहेर खड्ड्यात पुरा. पतंगाला आळा घालायलाही तेच बरं.

धुणं आणि वाळवणं

सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे, आणि ज्यांना फायदा दिसत नाही त्यांचं बहुतेक इथेच बिनसलेलं असतं.

साल स्वच्छ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवा, हाताने चोळा, पाणी बदलून पुन्हा एकदा काढा. निथळून झाल्यावर अर्धा-पाऊण इंचाचे तुकडे करा. मोठ्या पाकळ्या वाळताना आत वळतात आणि त्या वळणात ओल राहते. तुकडे काळ्या ताडपत्रीवर किंवा घराच्या गच्चीवर एका थरात पसरा. थरावर थर नको. दिवसातून दोन-तीनदा हात फिरवा. सूर्य मावळायच्या आत गोळा करून आत घ्या, कारण हिवाळ्यात पहाटेचं दव दिवसभराची मेहनत वाया घालवतं.

आमच्याकडे मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मोहोराचं, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. तेव्हाच्या उन्हात साल तीन-चार दिवसांत कडक होते. अंबियाचं फळ दिवाळीच्या आसपास, तेव्हा पाच-सहा दिवस धरा. पाऊस असेल तर वाळवणीच्या नादी लागू नका, त्यासाठी पुढे मुरघासाची (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याची) पद्धत आहे.

वाळली की नाही हे हाताला कळतं. तुकडा मोडला की कट्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकला तर ओल आहे. खात्री करायची असेल तर काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर तुकडे आणि दोन चमचे अगदी कोरडं मीठ घालून झाकण लावा, हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं किंवा त्याच्या गाठी झाल्या तर पुन्हा उन्हात. साठवायच्या सालीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर पावसाळ्यात बुरशी धरते आणि बुरशीबरोबर अफलाटॉक्सिन हे विष येण्याची भीती असते. ते यकृतावर जातं, गाभण शेळी गाभडू शकते आणि दुधातूनही उतरतं. बुरशीची साल उन्हात पुन्हा वाळवून वापरायचा मोह होतो. बुरशी मरते, विष तसंच राहतं. फेकून द्या.

शंभर किलो ओल्या सालीची वाळून साधारण बावीस ते अठ्ठावीस किलो होते. किती गोळा करायची याचा हिशेब त्यावरून घाला. वाळलेली साल मी पिठाच्या गिरणीत नेत नाही, घरच्या भरडयंत्रात जाडसर भरडते. अगदी पीठ केलं तर ते नाकात जाऊन शेळ्या शिंकतात आणि गव्हाणीच्या तळाशी सोडून देतात. बारदान्यात भरून जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर ठेवा. बारदान्यावर तारीख लिहा. सहा महिन्यांपेक्षा जुनी साल मी ठेवत नाही, कारण तोवर तिचा वासच गेलेला असतो.

खुराक कसा बांधायचा

मी शंभर किलो खुराकासाठी हे प्रमाण धरते: मक्याचा भरडा ३५ किलो, तूर चुनी २५, भुईमुगाची ढेप १५, गव्हाचा कोंडा १२, सालीचा भरडा १०, खनिज मिश्रण २ आणि मीठ १. यात प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास येतात. भुईमुगाची ढेप घेताना ती फोडून हुंगून पाहा, खवट किंवा बुरशीचा वास आला तर परत करा. ढेपेलाही अफलाटॉक्सिन लागतं आणि मग दोष सालीवर जातो.

तीस किलोची शेळी दिवसाला साधारण एक किलो कोरडं खाद्य खाते. त्यात खुराक दोनशे ते अडीचशे ग्रॅम, दुभतीला तीनशे-चारशे. म्हणजे या मिश्रणातून तिच्या पोटात साल वीस ते चाळीस ग्रॅम जाते. सवय झाल्यावर मक्यातले आणखी दहा किलो कमी करून साल वीस किलो करता येते. वाळलेली साल दिवसाला शंभर ग्रॅम, म्हणजे एकूण कोरड्या खाद्याच्या दहावा हिस्सा, ही मी माझ्यासाठी वरची सीमा ठरवली आहे. शेळ्या आवडीने खातात म्हणून ती ओलांडायची नाही.

पहिल्याच दिवशी मात्र हा खुराक देऊ नका. पहिले तीन दिवस जुन्या खुराकावर प्रत्येकी पाच ग्रॅम भरडा, म्हणजे एक मोठा चमचा, भुरभुरा. चौथ्या दिवसापासून आठवडाभर दहा ग्रॅम. त्यापुढच्या आठवड्यात वीस. लेंडी सुटी, गोळीदार आणि रवंथ नीट असेल तरच तिसऱ्या आठवड्यात पूर्ण मिश्रणावर या. मध्येच लेंडी पातळ झाली तर एक पायरी मागे जा आणि तीन दिवस थांबा.

काही शेळ्यांना वास नवा असतो, सुरुवातीला नाक मुरडतात. गूळ घालून खायला लावू नका. चुनीत मिसळून द्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खातात. माझ्याकडची एक जुनी शेळी चक्क सालीचे तुकडे वेचून बाजूला काढायची, ओठांनी, एकेक करून. तिच्यासाठी भरडा थोडा बारीक केला, मग खाऊ लागली.

खुराकाआधी कोरडा चारा पोटात गेलेला असावा. मी सकाळी आधी तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) टाकते, तासाभराने खुराक. दुभत्या शेळीला दूध काढल्यानंतर खुराक द्या, नाहीतर दुधाला संत्र्याचा वास येऊ शकतो आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. पाणी नेहमी समोर.

कोणाला द्यायची नाही तेही सांगते. तीन महिन्यांच्या आतल्या करडांना नाही, त्यांचं कोठीपोट अजून पक्कं झालेलं नसतं. व्यायला महिनाभर राहिलेल्या शेळीला नवीन काही सुरू करू नका. ती आधीपासून खात असेल तर तेवढंच चालू ठेवा. आजारातून उठलेली, हगवण लागलेली, नुकतीच बाजारातून आणलेली शेळी यांना पंधरा दिवस जुन्या चाऱ्यावर राहू द्या.

पावसाळ्यात ड्रममधला मुरघास

ओली साल एकटी मुरवली तर तिचं पाणी सुटतं आणि सगळं लिबलिबीत होतं. तिच्यात कुटार मिसळावं लागतं. ७५ किलो निथळलेली साल आणि २५ किलो बारीक कुटार किंवा ज्वारीच्या कडब्याची कुट्टी घेतली की ओलावा साठ टक्क्यांच्या थोडा वर येतो, मुरायला तो योग्य. दोनशे लिटरच्या निळ्या ड्रममध्ये साधारण एवढं बसतं. ड्रम पूर्वी कशाचा होता हे नक्की माहीत असू द्या, रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको.

चार-चार इंचाचा थर टाकून पायाने घट्ट दाबा. हवा राहिली की बुरशी ठरलेली. वर प्लास्टिक, त्यावर वजन, मग झाकण आणि कडेला चिकटपट्टी. पस्तीस-चाळीस दिवसांनी उघडा. रंग पिवळसर-तपकिरी आणि वास लोणच्यासारखा आंबटगोड हवा. कुजका, लोण्यासारखा उग्र वास आला किंवा काळे-पांढरे पुंजके दिसले तर तो भाग आणि भोवतालचा वीतभर फेका. खराब मुरघासातून लिस्टेरिया नावाचा जंतू जातो. मग शेळी मान वाकडी करून एकाच दिशेला गोल फिरते आणि अशी शेळी वाचवणं फार कठीण. उघडलेला ड्रम रोज वापरून दोन-तीन आठवड्यांत संपवा. शंभर ग्रॅमपासून सुरुवात करून मोठ्या शेळीला अर्ध्या किलोपर्यंत न्यायला हरकत नाही. तेव्हा खुराकातली वाळलेली साल बंद ठेवा.

डाळिंब, बाभूळ आणि बाकीची फळं

संत्र्याची साल खाद्याच्या जवळची, डाळिंबाची साल औषधाच्या जवळची. तिच्यात टॅनिन भरपूर. आपल्याकडे हगवणीवर ती उगाळून देतातच. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे थोडी प्रथिनं कोठीपोटात न फुटता पुढे आतड्यात जाऊन पचतात. मिथेन वायूही थोडा कमी होतो. पण एकूण कोरड्या खाद्यात टॅनिन दोन ते चार टक्के असेल तोवर हे ठीक. पाचच्या वर गेलं की शेळी चारा सोडते, प्रथिनं बांधलेलीच बाहेर पडतात आणि वजन उतरतं. डाळिंबाची वाळलेली साल मी मोठ्या शेळीला रोज दहा ग्रॅमच्या वर कधीच देत नाही, आणि तीही ढेपेसोबत.

बाभळीची शेंग हेही झाडाचं फळच. उन्हाळ्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शेंगा पडतात तेव्हा शेळ्या स्वतः वेचून खातात. शेळी मुळातच झुडपं ओरबाडणारी, म्हणून तुरट चारा गाईपेक्षा जास्त सोसते. गोळा करून देत असाल तर वाळवून, कुटून, दिवसाला शंभर ग्रॅमच्या आत. ज्या दिवशी शेळ्या बाभळीखाली चरल्या त्या दिवशी डाळिंबाची साल नको, टॅनिनची बेरीज होते हे लोक विसरतात. आंब्याच्या कोयीतला गरही तुरट असतो. तो भिजवून, उकळून, वाळवून खुराकात पाच टक्क्यांपर्यंत ठीक आहे, पण इतकी मेहनत करायला मला तरी कधी वेळ झाला नाही.

सीताफळाचा गर शेळ्या खातील, बिया मात्र जाऊ देऊ नका, त्यांच्यातला घटक कीटक मारण्याइतका तीव्र असतो. निंबोळी जंतांवर चांगली म्हणून मूठभर देणारे आहेत. गाभण शेळीला आणि पैदाशीच्या बोकडाला ती देऊ नका, कडुनिंबाच्या बियांचा प्रजननावर उलटा परिणाम होतो. अ‍ॅव्होकॅडो आता नागपुरातही फळवाल्यांकडे दिसतो. त्याची साल, पानं, बी काहीच शेळीपुढे टाकू नका, ते विषारी आहे. आणि अख्खं फळ, कोणतंही, कधीच नाही. घशात अडकतं.

फायदा झाला की नाही हे कसं कळणार

"चमक आली" असं म्हणणं सोपं आहे. मी वही ठेवते. एकाच वयाच्या, जवळपास सारख्या वजनाच्या दहा-बारा पाटी (तरुण माद्या) किंवा बोकड घ्या, दोन गट करा. चारा, पाणी, जागा, जंतनाशक सगळं सारखं. फरक फक्त सालीचा. दर पंधरा दिवसांनी, सकाळी काही खायच्या-प्यायच्या आत, लटकत्या काट्यावर झोळी बांधून वजन करा. तीन महिने. एका शेळीच्या वजनावरून काही ठरवू नका, गटाची सरासरी पाहा. खुराकावर किती पैसे गेले तेही त्याच पानावर लिहा. माझ्या कोठ्यात वजनात फार मोठा फरक पडला नाही, पण मका कमी लागल्यामुळे खुराक स्वस्त झाला. मला तेवढं पुरे आहे.

जंतांसाठी वेगळी नजर ठेवा. पावसाळ्यात खालची पापणी ओढून पाहा. लालसर-गुलाबी असेल तर बरं, पांढरट असेल तर रक्त पिणारा जंत लागला आहे. जबड्याखाली पाण्याची सूज हेही त्याचंच लक्षण. तुरट चाऱ्याने जंतांची अंडी कमी झाल्याचे प्रयोग आहेत. पण पापणी पांढरी पडलेली शेळी समोर असताना डाळिंबाची साल उगाळत बसणं म्हणजे तिला मारणं. जंतनाशक द्या, वजन करून पूर्ण मात्रेत द्या. लेंडीची तपासणी करून घेतलीत तर गरज असलेल्यांनाच देता येतं आणि औषध निकामी होत नाही. गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते.

लसींचंही तेच. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची, वेळेवर पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची). खुराकात काहीही घातलं तरी या चुकवायच्या नाहीत.

कूस फुगली, रवंथ थांबली, शेळी कोपऱ्यात मान टाकून उभी राहिली तर सगळा खुराक लगेच काढा, फक्त कोरडं कुटार आणि पाणी ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. फोनवर काय खाल्लं, किती, किती वाजता, हे सांगता आलं पाहिजे. डॉक्टर सांगतील तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून द्यावा लागतो, म्हणून एक पुडा कोठ्यात खुंटीला टांगलेला असू द्या. नळीने पाजताना शेळीचं तोंड फार वर उचलू नका, औषध फुफ्फुसात जातं.

यंदा मार्चमध्ये काकाजींनी स्वतःच निरोप पाठवला, "बाई, साल वेगळी ठेवली आहे, फवारणी होऊन महिना झाला." मी ताडपत्री आणि काटा घेऊन गेले. चार पोती भरली, घरी आणून मोजली, वहीत लिहिली आणि दुपारच्या आत गच्चीवर पसरली.